सोबतीचे तास: एका स्वयंसेवक ग्रुपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हॉस्पिटलमधे काही पेशंट असे असतात की रात्री त्यांच्याजवळ कोणीच नसतं. नातेवाईक लांब असतात, किंवा नसतातच, किंवा असून नसल्यासारखे. आमचा ग्रुप अशा लोकांच्या सोबतीला बसतो, बास एवढंच काम. औषध द्यायचं नाही, सलाईनला हात लावायचा नाही, सल्ला तर अजिबातच द्यायचा नाही. सिस्टरना विचारून पाणी द्यायचं, पेशंट घाबरला तर हात धरायचा, काही वेगळं वाटलं की लगेच सिस्टरना हाक मारायची. दहा ते दोन आणि दोन ते सहा अशा दोन पाळ्या, आणि निघताना एका वहीत दोन ओळी लिहायच्या की रात्र कशी गेली.

या प्रकरणात मुख्य माणसं चार. ताई, जिने ग्रुप सुरू केला. भाऊ, साठीच्या आसपासचे, अगदी पहिल्या दिवसापासून येणारे, चेहरा कायम आंबट पण पाळी कधी चुकवली नाही. क्ष, शिक्षण संपत आलेला मुलगा, सगळ्यात नवा. आणि मी, पाळ्या लावणारी. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि तिघांना आधी वाचायला दिलंय, भाऊंनी तर "लिही, पण रडकं करू नकोस" असं बजावलंय.

अडचण कशी सुरू झाली

खरं सांगायचं तर अडचण माझ्यापासून सुरू झाली. शेवटच्या क्षणी "आज जमत नाही" असे मेसेज वाढायला लागले होते, रात्री साडेनऊला मी फोन घेऊन बसायचे की आता कोण जाईल, आणि या वैतागातून मी एक शीट बनवलं, त्यात प्रत्येकाचे तास, आणि महिन्याच्या शेवटी ज्याचे सगळ्यात जास्त त्याचा फोटो ग्रुपवर. लोकांना गंमत वाटली. पहिले दोन-तीन महिने पाळ्या पटापट भरल्या आणि मी स्वतःवर खूश.

त्याच सुमारास क्ष आला आणि सरळ वर गेला. आठवड्याला तीन तीन रात्री, त्याही दोन ते सहाच्या, जी पाळी कोणालाच नको असते. फोटो दोनदा त्याचाच.

मग एक दिवस नाइटच्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचा तो मुलगा आहे ना, तो झोपलेल्या पेशंटपाशीच बसतो. जे ओरडतात, उठून पळायला बघतात, तिकडे नाही जात." मी म्हटलं नवीन आहे, घाबरत असेल. पण घरी येऊन वही चाळली तर त्याच्या प्रत्येक रात्रीपुढे दोनच शब्द, "रात्र शांत". त्यातल्या एका रात्री सिस्टरांच्या नोंदीत स्वच्छ होतं की पहाटे तीनला एका आजोबांनी सलाईन उपसून काढलं होतं. ते आजोबा त्या रात्री क्षच्या वाट्याला होते आणि तो दोन कॉट पलीकडे बसला होता.

आणि त्याच आठवड्यात ताईकडे त्याचा मेसेज आला की पुढच्या कोर्सच्या अर्जाला स्वयंसेवेचं पत्र लागतंय, दोनशे तास झाल्याचं लिहून मिळेल का.

दोन्ही गोष्टी एकदम समोर आल्या त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात त्यांची गाठ बसली. पत्रासाठी येत होता म्हणून कामात चोरी करत होता. तेव्हा मलाही तसंच वाटलं.

पहिला निर्णय, चुकलेला

इथे मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. क्षला एकट्याला गाठून विचारायच्या आधी मी महिन्याच्या बैठकीत वहीतली नोंद आणि सिस्टरांची नोंद दोन्ही वाचून दाखवल्या. नाव घेतलं नाही, पण तारीख वाचली, आणि तारखेवरून कोणाची पाळी हे सगळ्यांना माहीत. मी स्वतःला सांगत होते की पारदर्शकपणा हवा. त्यात थोडा राग होता, आणि आपण किती कडक शिस्तीचे हे दाखवायची हौस पण होती.

भाऊ भडकले. "ही सेवा नाही, सौदा आहे. गीतेत सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, परतफेडीची आशा ठेवून दिलेलं ते राजस. याला पत्र द्यायचं नाही."

ताईला तो श्लोक पाठ होता. ती हळूच म्हणाली, "भाऊ, त्याच ओळीत पुढे परिक्लिष्ट पण आहे. मनाला क्लेश करून, कुढत दिलेलं दानही राजसच." दोन सेकंद कोणी काही बोललं नाही. कारण भाऊ येतात कसे, सगळ्यांना माहीत होतं. येताना कुरकुर, जाताना कुरकुर, वॉर्डात पाऊल टाकताना चेहरा असा की यांनाच अॅडमिट करायचंय.

आणि मग क्ष, जो तोपर्यंत खाली मान घालून बसला होता, म्हणाला, "भाऊ, मी पत्रासाठी आलो हे खरंय. पण तुम्हाला तर इथे यायला आवडतही नाही, मग तुम्ही का येता?"

भाऊ उठून निघून गेले. बैठक तिथेच मोडली.

मधल्या काळात काय कळलं

चार दिवसांनी भाऊ कॉरिडॉरमधे भेटले आणि मी न विचारता बोलले. त्यांचे वडील असेच एका हॉस्पिटलात रात्री गेले, एकटे, आणि भाऊ त्या रात्री घरी झोपायला गेले होते कारण सलग तीन रात्री जागून दमले होते. "फेडतोय," एवढंच म्हणाले. किती वर्षं झाली विचारलं तर म्हणाले तीस.

ताईला मी मुद्दाम विचारलं, तू का येतेस? ती हसली, "अगं मला आवडतं. घरी गेल्यावर छान झोप लागते."

म्हणजे एकाच वॉर्डात एकाच कामाला बसलेली तीन माणसं, एक फायद्यासाठी, एक अपराधाच्या ओझ्याखाली, एक आनंदासाठी. यातलं सद्गुणी कोण?

मी या प्रश्नावर बरंच वाचलं, अर्ध्या रात्री वगैरे, आणि गंमत अशी की मोठी माणसं मार्क देताना एकमेकांच्या बरोबर उलट देतात. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली दुकानदाराचं उदाहरण दिलं होतं, जो लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो, पण ते धंद्याला बरं असतं म्हणून. कृती बरोबर, पण कांटच्या मते तिला नैतिक मोल नाही. क्ष म्हणजे हुबेहूब तो दुकानदार. पण कांट तिथे थांबत नाही, तो म्हणतो ज्याला स्वभावतःच मदत करायला आवडतं त्याचं कौतुक करा, पण नैतिक मोल त्यालाही नाही, खरं मोल तेव्हा जेव्हा तोच माणूस स्वतःच्या दुःखात बुडालाय, कशातच मन नाही, आणि तरी कर्तव्य म्हणून उठतो. म्हणजे ताई नापास आणि भाऊ जवळजवळ पास (जवळजवळ, कारण ओझं उतरवणं आणि कर्तव्य या एकच गोष्टी आहेत का हे मला अजून ठरवता आलेलं नाही).

अॅरिस्टॉटल त्याच्या दोन हजारहून जास्त वर्षं आधी नेमकं उलटं सांगून गेलेला. ज्याला चांगलं काम करताना आनंद होत नाही तो चांगला माणूसच नव्हे. मन मारून बरोबर वागणारा हा वाईटापेक्षा बरा, पण सद्गुण म्हणजे मन मारावंच न लागणं, आणि ते सवयीने येतं, करून करून. इथे ताई पहिल्या नंबरात, भाऊ काठावर. क्ष दोघांकडेही नापास, पण अॅरिस्टॉटलकडे त्याला निदान पुढच्या वर्षी परत बसता येतं, कारण सवय कशानेही सुरू होऊ शकते.

हे सगळं वाचून ज्ञानात भर पडली, पण रोस्टर कसं लावायचं ते कळेना. सुटका झाली ती वही परत वाचल्यावर. यावेळी फक्त क्षची पानं न बघता सगळ्यांची बघितली, मागची दीड वर्षं.

ताईच्या रात्री बघितल्या तर ती पुन्हा पुन्हा त्याच पेशंटकडे जाते जे बोलतात, आभार मानतात, तिची वाट बघतात. जे बेशुद्ध आहेत किंवा शिव्या देतात त्यांच्याकडे ती फारशी गेलेलीच नाही. मुद्दाम नाही, तिच्या लक्षातही नव्हतं. आणि भाऊ? भाऊ सगळीकडे गेलेत, सगळ्यात अवघड पेशंटकडे पण, पण भाऊंच्या एका नोंदीत होतं "अंगात कणकण, तरी आलो". ताप अंगावर घेऊन वॉर्डात! जिथे आधीच अशक्त माणसं झोपलीत तिथे. कारण न येणं म्हणजे परत ती रात्र.

तिघांचंही कुठे ना कुठे गळतंय, पण प्रत्येकाचं वेगळ्या जागी. फायद्यासाठी येणारा तिथे गळतो जिथे कोणी मोजत नाही. आनंदासाठी येणारी तिथे गळते जिथे आनंद मिळत नाही. आणि ओझं घेऊन येणारा तिथे, जिथे खरं तर घरी थांबणं हेच योग्य असतं. हेतू शुद्ध की अशुद्ध यावर आम्ही बैठक मोडेस्तोवर भांडलो, आणि पेशंटच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच होतं की याचा हेतू आणि माझी गरज यांची वाट नेमकी कुठे वेगळी होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय भाऊंचा, पत्र द्यायचं नाही. पण तास खरे होते. बसला होता मुलगा, झोपलेल्यांपाशी का होईना. आणि झोपलेला पेशंट जागा होतोच की कधीतरी, तेव्हा कोणीतरी शेजारी असणं याला काही किंमत आहेच. शिवाय आमच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं की पत्र मागू नये.

दुसरा, पत्र देऊन टाकायचं आणि विषय संपवायचा. निम्म्या लोकांना हेच हवं होतं, मला पण दोन दिवस हेच हवं होतं, कारण हे सोपं.

तिसरा पर्याय एका शिक्षक असलेल्या मेंबरचा, की नवीन येणाऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, "तुम्हाला हे काम का करायचं आहे?" ऐकायला छान वाटलं. पण फॉर्मवर कोण लिहिणार आहे की मला पत्र पाहिजे? आणि खरं लिहिलं तरी त्यावरून कळतं किती? १९७३ मधे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, धर्मशास्त्राचे विद्यार्थी, त्यांची धार्मिक वृत्ती कुठल्या प्रकारची हे प्रश्नावलीने मोजलेलं, आणि मग एका इमारतीतून दुसरीकडे पाठवताना वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. थांबणार कोण हे त्या प्रश्नावलीवरून सांगता आलं नाही. फरक पडला घाईने. ज्यांना वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झालाय म्हणून सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. हे वाचल्यावर मी क्षचं वेळापत्रक बघितलं. दोन ते सहाची पाळी, आणि सातला त्याचा क्लास. नवा म्हणून सगळ्यात वाईट पाळी त्याच्या गळ्यात मीच बांधली होती. झोपलेल्या पेशंटपाशी तो बसायचा कारण तिथे त्याला पण डुलकी काढता यायची, हे नंतर त्यानेच सांगितलं.

चौथा पर्याय म्हणजे माणूस सोडून व्यवस्था बदलायची. माझा शीट काढून टाकायचा, पेशंट कोणी निवडायचे ते बदलायचं, वही बदलायची. आम्ही शेवटी हा घेतला, पण पत्राचा प्रश्न त्याने सुटत नव्हता, त्यामुळे पत्रही.

काय केलं

आधी मी क्षची माफी मागितली, एकट्यात, आणि नंतर बैठकीतही, कारण अपमान बैठकीत झाला होता. त्याला सलाईनबद्दल विचारलं. त्याने लपवलं नाही. म्हणाला, "लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, आणि तास कापले असते असं वाटलं."

हे वाक्य मला फार लागलं. रिचर्ड टिटमस नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मधे रक्तदानाबद्दल हाच मुद्दा मांडला होता, की रक्ताचे पैसे मिळायला लागले की देणाऱ्याला आपला आजार लपवायचं कारण मिळतं. फुकट देणारा माणूस जास्त थोर असतो म्हणून नाही, तर त्याला खोटं बोलून काही मिळायचं नसतं म्हणून त्याचं रक्त जास्त भरवशाचं. आमच्या वहीचं तेच झालं. जोपर्यंत तास मोजत नव्हतो तोपर्यंत लोक लिहायचे, पेशंट ओरडला, मी घाबरले, सिस्टर चिडल्या, सगळं. शीट आल्यापासून वही शांत शांत होत गेली. फक्त क्षची नाही. मी मागची पानं पुढची पानं शेजारी ठेवून बघितली, सगळ्यांच्या नोंदी आखूड झालेल्या.

मग शीट बंद, फोटो बंद. पेशंट आपण निवडायचे नाहीत, सिस्टर सांगतील तो. पहाटेची पाळी फिरती, आणि ज्याला सकाळी लवकर जायचंय त्याला ती द्यायचीच नाही. ताप-सर्दी असेल तर येण्यास मनाई, ही ओळ भाऊंकडे बघत लिहिली. वहीत "रात्र कशी गेली" याच्या शेजारी नवा रकाना, "काय जमलं नाही". आणि क्षला पत्र, त्यात फक्त खरे तास, तेही एकशे साठच्या आसपास भरले, दोनशे नाही. एकही विशेषण नाही, ना समर्पित ना सेवाभावी. त्याला ते चाललं. ताईला नाही चाललं, तिला निदान एक बरं वाक्य हवं होतं, त्यावर आमची वादावादी झाली आणि मी ऐकलं नाही.

काय झालं

शीट काढल्यावर सगळं पूर्वीसारखं होईल असं मी धरून चालले होते. नाही झालं. दोघं हळूहळू यायचे बंद झाले, त्यांतली एक तर शीटच्या आधीपासूनची जुनी मेंबर होती. एकदा तास मोजले गेले की न मोजलेले तास वाया गेल्यासारखे वाटतात बहुतेक. इस्रायलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांचा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे, २००० साली छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना १० पैकी ६ पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला, कारण आधी लाज वाटायची आणि आता पैसे भरले की झालं. आणि नंतर दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. माझा शीट म्हणजे दंडाच्या उलटं, बक्षीस होतं, पण काढल्यावर जे गेलं ते गेलंच.

साडेनऊचे फोन परत सुरू झालेत. आता मी ग्रुपवर सरळ लिहिते की आज कोणी नाही, आणि कधी कधी खरंच कोणी जात नाही. हे मी यश म्हणून सांगत नाहीये.

वही मात्र परत भरायला लागली. ताईने तिसऱ्याच रात्री "जमलं नाही" मधे लिहिलं, "आजींनी मला हाकलून दिलं, राग आला, परत जायला अर्धा तास लागला". सोळा ओळींची नोंद आहे ती. पूर्वीची ताई त्या आजींकडे गेलीच नसती.

क्ष पत्र मिळाल्यावर महिनाभर दिसला नाही. भाऊ म्हणाले, "बघ, सांगितलं होतं." मग एक दिवस त्याचा मेसेज, दहा ते दोन आहे का रिकामी. कोर्सला दुसऱ्या गावी जाईपर्यंत तो पाच रात्री आला. त्या पाच रात्री कुठल्याच पत्रात नाहीत. का आला ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी त्याला तरी माहीत असतं का. कदाचित मी केलेल्या अपमानाची भरपाई म्हणून, कदाचित भाऊंना दाखवायला, कदाचित सवय लागली म्हणून.

परत वेळ आली तर

नोंदी वाचून दाखवायच्या आधी त्या मुलाशी बोलेन, हे तर झालंच. ताईचं एक वाक्य पत्रात घालू द्यायला हवं होतं असं आता वाटतं, विशेषणं गाळून मी न्याय करत नव्हते, हिशेब चुकता करत होते. आणि ज्या दिवशी शीट बनवलं त्या दिवशी स्वतःला विचारायला हवं होतं की हे पेशंटसाठी आहे की आपला ग्रुप किती मोठा आणि तत्पर हे दिसावं म्हणून, कारण त्या शीटच्या सगळ्यात वर, तासांच्याही वर, "संयोजक" म्हणून माझं नाव ठळक अक्षरात होतं. बैठकीत क्षने भाऊंना विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला नाही. विचारायला हवा होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. भाऊंचा "जमलं नाही" रकाना दर वेळी कोरा असतो. इतक्या रात्री आणि एकदाही काही जमलं नाही असं होत नाही, मला माहीत आहे, सिस्टरांनाही माहीत आहे. तीस वर्षांपूर्वीचं एक जमलं नाही त्यांच्याकडे आहे, आणखी एक लिहायला हात होत नसेल. ताई म्हणते विचारू नकोस. मी अजून तरी विचारलेलं नाही.

क्षची शेवटची नोंद अशी आहे. रात्र कशी गेली: पेशंट दोनदा उठले, सिस्टरना बोलावलं. काय जमलं नाही: ते रडत होते, काय बोलायचं कळेना, बाहेर जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो. मग परत आत गेलो.